जीपीएसचा १०२४ आठवड्यांचा फेरा : आमचे घड्याळ २००३ सालात का गेले?

उपकेंद्रवासी | रविवार, १२ फेब्रुवारी २०२३, सकाळी ९:१०

वीज पारेषणाच्या एका उपकेंद्रात संरक्षण आणि संदेशवहन यंत्रणांची देखभाल करणे हे माझे काम आहे. आमच्या नियंत्रण कक्षात एक जीपीएस घड्याळ आहे. त्याचा अँटेना छतावर असून पॅनेलमधून निघालेल्या वेळेच्या तारा प्रत्येक रिलेपर्यंत, म्हणजे बिघाड ओळखून वाहिनी तोडायला लावणाऱ्या यंत्रापर्यंत, गेलेल्या आहेत. एखाद्या वाहिनीवर फॉल्ट आला की दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांतील नोंदी मिलिसेकंदाच्या हिशेबाने शेजारी शेजारी ठेवून कोणता रिले आधी चालला हे ठरवावे लागते. त्यामुळे या घड्याळाकडे कोणी फारसे पाहत नसले तरी त्याच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा असतो.

गेल्या वर्षी १८ सप्टेंबरला, रविवारी, सकाळच्या पाळीला आलो तेव्हा घड्याळाची वेळ सेकंदाबरहुकूम बरोबर होती, उपग्रहांशी जुळणी झाल्याचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि तारीख मात्र २ फेब्रुवारी २००३ अशी दिसत होती. गंमत म्हणजे रिलेंवर तिसरीच तारीख होती : २ फेब्रुवारी २०२२. याचा उलगडा त्या मानाने लवकर झाला. आमच्या रिलेंना वेळ आयरिग-बी या संकेताने जाते. त्याच्या जुन्या रूपात वर्षातला कितवा दिवस, तास, मिनिट आणि सेकंद एवढेच असते. वर्ष पाठवण्याची सोय नंतरच्या सुधारणांत आली. म्हणजे घड्याळाने २६१ ऐवजी ३३ वा दिवस सांगितला आणि रिलेंनी तो आपल्या जवळच्या २०२२ सालाला चिकटवून टाकला. नोंदी साठवणाऱ्या संगणकाला एनटीपीने, म्हणजे जाळ्यावरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने, वेळ मिळते. त्याने एवढा मोठा फरक पाहून हे घड्याळ सरळ नाकारले आणि तो आपल्या आतल्या घड्याळावर चालत राहिला. एकाच खोलीत तीन तारखा झाल्या.

नोंदी मागे जाऊन पाहिल्या, तर तारखेची ही उडी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ४२ सेकंदांनी झालेली होती. जीपीएसचा आठवडा आपल्या वेळेनुसार रविवारी पहाटे नेमका याच क्षणी बदलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. १८ सप्टेंबर २०२२ मधून ७१६८ दिवस, म्हणजे १०२४ आठवडे वजा केले की २ फेब्रुवारी २००३ ही तारीख येते. तेवढ्यावरून रोग कळला.

माझा प्रश्न वेगळा आहे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा उलटण्याचा अधिकृत दिवस ६–७ एप्रिल २०१९ च्या रात्रीचा होता. त्या रात्री मी स्वतः जागा राहिलो होतो. काहीही झाले नाही, तसा अहवाल मी सही करून दिला आणि फाइल बंद झाली. मग साडेतीन वर्षांनी, कुठलाही मुहूर्त नसताना, हे का व्हावे?

---

मोडीवाचक | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

तांत्रिक बाजू मला ठाऊक नाही, पण "आकडा उलटणे" म्हणजे काय ते मी समजून घेतले आहे का, हे कोणी तपासून सांगावे.

माझे काम मोडी कागद वाचण्याचे आहे. पेशवाईतल्या पुष्कळ पत्रांत तारीख "छ" घालून दिलेली असते, म्हणजे चंद्र अमुक, महिना रबिलाखर वगैरे, आणि वर्ष मुळीच नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल माहीतच असायचे, मग शाई कशाला खर्चायची? दोनशे वर्षांनंतर आमच्यासारख्यांना मजकुरातल्या स्वारीवरून, माणसांच्या उल्लेखांवरून साल ठरवावे लागते. संवत्सराचेही तेच. नुसते "शुभकृत नाम संवत्सरे" लिहिलेले असेल तर ते चालू शके १९४४ असेल किंवा साठ वर्षांपूर्वीचे १८८४ असेल. सोबत शक दिला नसेल तर संवत्सर एकटे काही सिद्ध करत नाही.

उपग्रह असेच साल न लिहिता पत्र पाठवतो आणि रिसीव्हर ते आमच्यासारखे अंदाजाने लावतो, असे आहे का?

---

अर्धसंवाहक | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मोडीवाचक, इतके नेमके वर्णन मी आमच्या क्षेत्रातल्या कागदपत्रांतही वाचलेले नाही. फरक एवढाच की साठ वर्षांच्या जागी १०२४ आठवडे घ्यायचे, म्हणजे सुमारे १९ वर्षे ७ महिने.

मी पुण्यात वाहनांच्या ट्रॅकरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेली आज्ञावली, लिहितो, तेव्हा उपकेंद्रवासींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

जीपीएसचा कालारंभ ६ जानेवारी १९८० च्या मध्यरात्री धरलेला आहे. तेव्हापासून किती आठवडे झाले आणि चालू आठवड्यातले किती सेकंद झाले, एवढ्या दोनच गोष्टी उपग्रह सांगतो; साल, महिना, तारीख त्याच्या शब्दकोशात नाहीत. आठवड्यांच्या आकड्यासाठी मूळ संदेशात १० बिट राखलेले आहेत. १० बिटांत ० ते १०२३ एवढेच मावते. म्हणून २१–२२ ऑगस्ट १९९९ च्या रात्री आकडा पहिल्यांदा शून्यावर आला, ६–७ एप्रिल २०१९ ला दुसऱ्यांदा, आणि २०–२१ नोव्हेंबर २०३८ ला तिसऱ्यांदा येईल. १० च बिट का, असे आज कोणी विचारले तर उत्तर असे की हा संदेश सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने येतो. ३०० बिटांचा एक उपखंड यायला ६ सेकंद लागतात आणि संपूर्ण संदेश एकदा ऐकून व्हायला साडेबारा मिनिटे. १९७० च्या दशकात ही रचना ठरवणाऱ्यांनी एकेक बिट सोनाराच्या तराजूत तोलला होता. त्यात वीस वर्षांनंतरच्या तारखेची चिंता मागे पडली, याचा मला राग येत नाही.

आता रिसीव्हर साल कसे लावतो ते पाहू. सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे आधार-आठवडा. फर्मवेअर ज्या आठवड्यात बांधले गेले, साधारण तो आठवडा त्यातच कोरून ठेवायचा, आणि असे गृहीत धरायचे की हे यंत्र आपल्या जन्माच्या आधीच्या काळात चालू असणे शक्य नाही. मग उपग्रहाकडून जो आकडा येईल त्यात १०२४ ची अशी पट मिळवायची की उत्तर आधार-आठवड्यावर किंवा त्याच्या पुढे पडेल.

तुमच्या घड्याळाचे उदाहरण घेऊ. २ फेब्रुवारी २००३ ला सुरू झालेला आठवडा हा आरंभापासूनचा १२०४ वा. त्यातून १०२४ वजा केले की उरतात १८०. फर्मवेअरमध्ये हा १२०४ कोरलेला आहे असे समजा. एप्रिल २०१९ मध्ये उपग्रहाकडून ० आला, तेव्हा फर्मवेअरने पाहिले की १०२४ मिळवले तरी तो १२०४ च्या मागेच राहतो, म्हणून २०४८ मिळवले आणि तारीख बरोबर आली. तुमचा अहवाल खरा होता. १७ सप्टेंबर २०२२ च्या शनिवारी आकडा १७९ होता. त्यालाही याच न्यायाने २०४८ मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे १८० आला. १८० अधिक १०२४ म्हणजे १२०४, आणि १२०४ हा "जन्माच्या आधीचा" नाही! फर्मवेअरने आनंदाने तो स्वीकारला आणि तुम्ही २००३ मध्ये पोहोचलात.

म्हणून एप्रिल २०१९ हा फक्त उपग्रहांचा दिवस होता. रिसीव्हरचा दिवस प्रत्येकाच्या पोटात वेगळा असतो, आणि तो अधिकृत दिवसाच्या आधी किंवा नंतर कधीही येतो. घड्याळाच्या मागच्या पट्टीवर निर्मितीचे साल कोणते आहे ते कृपया पाहून सांगा.

---

उपकेंद्रवासी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

पट्टीवर २००३ च आहे. इतकी वर्षे त्या पट्टीवरची धूळ मीच पुसत आलो आहे.

---

प्रश्नोपनिषद | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

एक प्राथमिक शंका आहे. जीपीएस म्हणजे मुळात काळाचेच मोजमाप असेल, तर वीस वर्षे चुकलेला रिसीव्हर आपण नेमके कुठे आहोत हे बरोबर कसे सांगू शकतो? प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो असे आपण शिकतो, मग वीस वर्षांत तर उत्तर विश्वाच्या टोकाला जायला हवे.

---

अर्धसंवाहक | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

शंका प्राथमिक नाही, याच ठिकाणी पुष्कळ अभियंतेही अडखळतात. अंतर मोजण्यासाठी रिसीव्हरला हवा असतो तो संदेश निघाल्याचा क्षण, आणि तो क्षण आठवड्याच्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांत दिलेला असतो. उपग्रह कुठे आहे हे सांगणारी कक्षेची माहितीही अशाच आठवड्यातल्या एका क्षणाशी बांधलेली असते आणि साधारण त्या क्षणाच्या आसपासच्या दोन तासांसाठीच वापरायची असते. दोन्ही बाजूंना तोच आठवडा असल्यामुळे तो वजाबाकीत उडून जातो. मधेच आठवडा बदलला तर काय, याचीही सोय सूत्रातच आहे : फरक ३,०२,४०० सेकंदांहून, म्हणजे अर्ध्या आठवड्याहून जास्त आला तर एक पूर्ण आठवडा वजा करावा. म्हणून जागा मीटरभरही हलत नाही आणि तारीख मात्र दोन दशके मागे जाते.

पण "जागा कधीच चुकत नाही" असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चुकीची तारीख रिसीव्हरच्या आतच दुसऱ्या कोणाला विकली गेली की गोंधळ होतो. साठवलेले पंचांग, म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या ढोबळ कक्षांची यादी, रिसीव्हरला एकाएकी वीस वर्षांनी विसंगत वाटू लागते. मग तो ती फेकून देतो आणि सुरू व्हायला फार वेळ घेतो. फोनमध्ये तर तारखेवर काय काय टांगलेले असते! ३ नोव्हेंबर २०१९ च्या आत नवी प्रणाली टाकली नाही तर आयफोन ५ मधील स्थान, मेल, वेब हे सगळे बिघडेल, असे ॲपलने स्वतःच जाहीर केले होते. मेल आणि वेबचा उपग्रहांशी काही संबंध नाही. पण सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र तपासताना आजची तारीख लागते, आणि ती २००० सालातली असेल तर जगातले प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यातले ठरते. तारीख नीट पाहा : नोव्हेंबर, एप्रिल नव्हे. तिथेही आधार-आठवडाच संपत होता.

---

तळकोकणी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

आमच्याकडच्या एका मासेमारी नौकेवर हातात धरायचा जुना जीपीएस आहे. त्यावरची तारीख दोन-तीन वर्षांपासून गेलेली आहे, पण तांडेल त्याच यंत्रावर खुणा लावून दर वेळी त्याच खडपावर नौका नेतो, आणि तारखेचे सांगितले तर "तारीख भिंतीवर आहे" असे उत्तर देतो. वर अर्धसंवाहक यांनी सांगितले ते आम्ही रोज पाहतो आहोत, फक्त कारण माहीत नव्हते.

त्या यंत्रात सूर्योदय-सूर्यास्ताचे आणि चंद्राच्या कलांचे एक पान आहे. सूर्याचे पान सात-साडेसात महिने मागे सरकल्यासारखे वागते आणि चंद्राचे तर सपशेल चुकते. भरती-ओहोटी कोणी त्यावरून पाहिली तर फसेल. आमच्याकडे ती तिथीवरून काढतात, म्हणून अजून कोणी फसलेले नाही.

---

घटिकापात्र | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

उपकेंद्रवासी, तुमच्या मूळ लेखात एक वाक्य आहे ज्याच्यावरून कोणी थांबले नाही : "वेळ सेकंदाबरहुकूम बरोबर होती." हे वाक्य त्या घड्याळाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

जीपीएसची वेळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, पाळत नाही. १९८० नंतर जागतिक वेळेत जेवढे लीप सेकंद घातले गेले तेवढी ती पुढे गेली आहे. म्हणून किती सेकंद वजा करायचे हा आकडाही उपग्रह सांगतो. हा आकडा २००३ मध्ये १३ होता आणि १ जानेवारी २०१७ पासून १८ आहे. तुमच्या घड्याळाने १८ वजा केले, तेव्हाच सेकंद जुळले. म्हणजे "आजचा लीप सेकंद १८ आहे" हे ते एका हाताने वापरत होते आणि दुसऱ्या हाताने २ फेब्रुवारी २००३ दाखवत होते. मोडीवाचक यांच्या भाषेत सांगायचे तर पत्रात पानिपताचा उल्लेख असताना त्यावर १७५० साल घालण्यासारखे हे आहे. १८ हा आकडा २०१७ च्या आधी असूच शकत नव्हता.

मात्र ही युक्ती एकाच दिशेने वापरायची असते. "१८ आहे, म्हणजे २०१७ च्या मागे नाही" हे म्हणणे सुरक्षित आहे. "अमुक वर्षापर्यंत १९ होईलच" असे म्हणायला गेलात की पृथ्वी तुमचे ऐकत नाही. लिनक्सवर जीपीएस जोडताना बहुतेक जण जीपीएसडी नावाची प्रणाली वापरतात. तिच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत अशी एक तपासणी होती की लीप सेकंद १९ हून कमी असतील आणि आठवडा २१८० च्या पुढचा दिसत असेल, तर आठवडा चुकला असे समजून १०२४ वजा करावेत. लिहिणाऱ्याचा हिशेब असा होता की तोपर्यंत एकोणिसावा लीप सेकंद येऊन गेलेला असेल. तो आला नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जरा वाढला आहे. त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ ला, २१८१ वा आठवडा लागताच, चांगले चाललेले रिसीव्हर असतानाही ही प्रणाली वेळ मागणाऱ्यांना १० मार्च २००२ सांगू लागणार होती. चूक वेळेवर सापडली, अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा काढला आणि आम्ही काही जणांनी त्या आठवड्यात दिवाळीच्या साफसफाईऐवजी सर्व्हर झाडून काढले. आकडा उलटण्यापासून वाचवण्यासाठी लिहिलेल्या ओळींनीच तो उलटवायचा, हे मला आजही पचलेले नाही.

लीप सेकंदाचाच आणखी एक छोटा फेरा आहे. तो कोणत्या आठवड्यात घातला जाणार, हे सांगायला संदेशात ८ च बिट आहेत, म्हणजे २५६ आठवडे. डिसेंबर १९९८ च्या अखेरीच्या लीप सेकंदानंतर पुढची सात वर्षे एकही आला नाही आणि नोव्हेंबर २००३ च्या अखेरीस २५६ आठवडे भरले. मोटोरोलाच्या काही वेळदर्शक रिसीव्हरांना तो जुनाच लीप सेकंद पुन्हा आल्यासारखा वाटला आणि २७–२८ नोव्हेंबरच्या मध्यरात्री त्यांनी एका सेकंदापुरती चुकीची तारीख सांगितली. एकच सेकंद, पण नोंद करणाऱ्या यंत्राने नेमका तोच पकडला तर?

---

मोडीवाचक | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०

पानिपताचे उदाहरण आवडले. आम्हीही हेच करतो : मजकुरातल्या घटनेवरून "याच्या आधीचे नाही" हे निश्चित म्हणतो, आणि "याच्या नंतरचे नाही" म्हणताना जीभ चावतो.

---

सप्ततारा | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आता इतर प्रणाल्यांविषयी लिहितो, कारण "जीपीएसऐवजी नाविक ही भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली वापरली तर प्रश्न सुटेल" असे या चर्चेत कोणीतरी म्हणणारच आहे.

नाविकचा कालारंभ २२ ऑगस्ट १९९९ आहे, आणि एल-५ व एस या रेडिओ-पट्ट्यांवरच्या तिच्या संदेशातही आठवड्याला १० बिटच दिलेले आहेत. हा आरंभ म्हणजे जीपीएसचा आकडा पहिल्यांदा शून्यावर आला तोच क्षण. तेव्हा दोन्ही प्रणाल्यांचा आठवडा-क्रमांक आज एकच असतो, उद्याही एकच असेल, आणि दोन्ही एकाच रात्री उलटतात. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला आणि एप्रिल २०१९ मध्ये, सहा वर्षे पुरी व्हायच्या आतच, तिचाही फेरा पूर्ण झाला. म्हणून ज्या रिसीव्हरला साल कळत नाही, त्याला नाविकचा हा संदेश ऐकवून काहीही नवे कळत नाही. एकाच आळीतल्या दोन साक्षीदारांनी तंतोतंत एकच जबानी द्यावी तसे ते आहे. नाविकचा अभिमान मलाही आहे, पण या एका कामासाठी तिचा उपयोग नाही.

युरोपच्या गॅलिलिओचा आरंभही त्याच रात्रीचा, पण त्यांनी १२ बिट ठेवले. ४०९६ आठवडे म्हणजे थेट २०७८ सालापर्यंत निश्चिंती. चीनच्या बेईदौमध्ये १३ बिट आहेत आणि आरंभ १ जानेवारी २००६ चा. ८१९२ आठवडे म्हणजे १५७ वर्षे होतात. जीपीएसच्याच नव्या नागरी संदेशांतही आठवडा १३ बिटांचा आहे, पण तो ऐकायला ते नवे संकेत, मुख्यतः एल-२ आणि एल-५ पट्ट्यांवरचे, पकडणारा रिसीव्हर लागतो. स्वस्त यंत्रे एल-१ वरचा जुना संदेशच ऐकत बसतात. रशियाच्या ग्लोनासची तऱ्हा न्यारी आहे. तिथे आठवडेच नाहीत. चार वर्षांच्या कालखंडातला कितवा दिवस हे सांगतात आणि १९९६ पासूनचा कितवा चार वर्षांचा कालखंड हे वेगळे सांगतात. शिवाय ती वेळ लीप सेकंद पाळते. तारीख लावण्यासाठी माझे मत विचाराल तर ग्लोनास आणि गॅलिलिओ यांपैकी एक जरी ऐकू येत असेल तरी रिसीव्हरने साल त्यांच्याकडून घ्यावे.

---

प्रश्नोपनिषद | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मग सगळेच रिसीव्हर तसे का करत नाहीत?

---

अर्धसंवाहक | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

काही करतात. पण २००३ च्या घड्याळाला गॅलिलिओ ऐकताच येत नाही आणि आजच्या यंत्रातही ज्याने फर्मवेअर लिहिले त्याला आठवण असेल तरच ते होते. एका नामवंत चिपकर्त्याच्या, यू-ब्लॉक्सच्या, रिसीव्हरांत आधार-आठवडा बाहेरून बदलता येतो. आज्ञा पाठवून नवा आठवडा दिला की पुढचे १०२४ आठवडे पुन्हा मोकळे. ही सोय दहा मिनिटांच्या कामाची आहे, पण यंत्राच्या डब्यातून ती बाहेर आणलेली नसते.

आमच्या ट्रॅकरमध्ये आम्ही आणखी एक रीत वापरतो. शेवटची खरी तारीख दर काही तासांनी स्मृतीत लिहून ठेवायची आणि सुरू होताना "आज त्याच्या आधीचा दिवस असू शकत नाही" असे धरायचे. म्हणजे आधार-आठवडा यंत्राबरोबर पुढे चालत राहतो. यात एक फजिती आमची स्वतःची झाली आहे. तपासणीच्या टेबलावर आम्ही नकली उपग्रह-संकेत देणारे यंत्र लावून २०३८ ची रात्र चालवून पाहिली, सगळे उत्तम झाले, आणि तेच नमुने नंतर चुकून गाडीवर चढले. ते आपली शेवटची तारीख नोव्हेंबर २०३८ समजत होते. त्यांच्या मते २०२१ हा भूतकाळ होता, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे १०२४ आठवडे मिळवले आणि बस २०४१ मध्ये धावू लागली. त्या दिवसापासून तपासणी झालेल्या नमुन्यांवर लाल रंगाचा ठिपका देतो.

दुसरी गोष्ट सर्व्हरवाल्यांसाठी. वीस वर्षे मागची तारीख पाठवणारी यंत्रे पाहून बरेच जण येणाऱ्या प्रत्येक नोंदीत ७१६८ दिवस मिळवून टाकतात आणि विसरतात. मग कोणी यंत्राचे फर्मवेअर दुरुस्त केले की तीच नोंद वीस वर्षे पुढे जाते. अट घालून मिळवावे : आलेली तारीख सर्व्हरच्या प्रणालीच्या बांधणीच्या तारखेच्या मागे असेल तरच, आणि ती पुढे येईपर्यंत. एनटीपीची प्रणाली नेमके असेच करते, तिला आधाराची तारीख बाहेरून देताही येते.

---

घटिकापात्र | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

२०३८ चा विषय निघालाच आहे तर एक जोड देतो. १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर ३२ बिटांत काळ मोजणाऱ्या जुन्या युनिक्स प्रणालींचा आकडा संपतो, आणि त्यानंतर दहा महिन्यांनी जीपीएसचा आठवडा उलटतो. दोन्ही एकाच डब्यात असतील तर कोणते दुखणे कोणाचे, हे शोधणाऱ्याची त्या वर्षी कसोटी लागणार आहे.

अधिकृत रात्रीही अगदीच निरुपद्रवी नसते, हेही नोंदवतो. ऑगस्ट १९९९ मध्ये जपानमधल्या अनेक मोटारींतले मार्गदर्शक पडदे गोठले होते. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराचे स्वतःचे बिनतारी जाळे बंद पडले आणि वाहनांच्या पाट्या वाचणारे पोलिसांचे कॅमेरेही त्याबरोबर तुटले. सूचना मात्र कितीतरी महिने आधी निघालेली होती.

---

उपकेंद्रवासी | रविवार, १९ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

सर्वांचे आभार. पुढे काय केले ते सांगून माझ्यापुरता विषय संपवतो.

घड्याळाच्या निर्मात्याकडे फर्मवेअर मागितले. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली, असे उत्तर आले. घड्याळात कालारंभ बदलण्याची कोणतीही खिडकी नाही. दरम्यानचे पाच महिने आम्ही रिलेंना त्याचा सेकंदाचा ठोका चालू ठेवला, कारण तो खरा होता, आणि तारखेची तार काढून ठेवली. घटनाक्रम जुळवायला तेवढे पुरत होते. अहवालात दर वेळी "तारीख हाताने घातली आहे" अशी टीप द्यावी लागत असे.

नवे घड्याळ गेल्या मंगळवारी बसले. यावेळी खरेदीच्या अटींत मी एक ओळ घालायला लावली होती : आधार-आठवडा कोणता आहे आणि लावलेली तारीख कोणत्या दिवसापर्यंत खरी राहील, हे पुरवठादाराने लेखी द्यावे. पहिल्या उत्तरात "आमचे उत्पादन आठवडा-फेऱ्यापासून पूर्ण सुरक्षित आहे" एवढेच होते. ते परत पाठवले. दुसऱ्या उत्तरात गॅलिलिओ चालू असल्याचे आले. तिसऱ्या उत्तरात मात्र आकडा आला : गॅलिलिओ बंद केल्यास केवळ जीपीएसवर आधार-आठवडा २२००, म्हणजे ६ मार्च २०२२.

त्यात १०२४ मिळवले. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मी जाड कागदाची पट्टी चिकटवली आहे : "केवळ जीपीएसवर असताना रविवार, २० ऑक्टोबर २०४१, पहाटे ५ वाजून २९ मिनिटे, ४२ सेकंद." मी तोवर निवृत्त झालेलो असेन. गेल्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसजवळ भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लीप सेकंद २०३५ पर्यंत जवळपास थांबवण्याचे ठरवले आहे, पण तोपर्यंत एखादा येऊ शकतो किंवा एखादा उणेही होऊ शकतो, हे घटिकापात्र यांच्यामुळे लक्षात राहिले. म्हणून तारीख, तास आणि मिनिटे पेनाने लिहिली आहेत. शेवटचे ४२ तेवढे पेन्सिलीने लिहिले आहेत.